पालथ्या हातावरची टाळी

माझं मराठी ऐकून पुण्यातली माणसं अजूनही म्हणतात, "अरे वा, तुमचं मराठी फारच छान आहे हो." मी म्हणते, "तुमचंही." मी घोरपडे पेठेत जन्मले, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले, घरात दखनी बोलले आणि उंबऱ्याबाहेर मराठी. यात एवढं वाखाणण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं कोणा सोशिक, गोड स्वभावाच्या बाईने लिहिलंय असा गैरसमज नको.

सांगायचंय ते अम्मीबद्दल. आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत अम्मी मुलींना अरबी शिकवायची. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली की गल्लीतल्या आठ-दहा मुली डोक्यावरून ओढण्या घेऊन सतरंजीवर बसायच्या, समोर लाकडी रेहलवर, म्हणजे पोथी ठेवायच्या घडीच्या चौकटीवर, कुराणाचा एक पारा, म्हणजे भाग, उघडलेला. सगळा मोहल्ला अम्मीला आपा म्हणायचा. तिचं स्वतःचं शिक्षण उर्दू सातवीपर्यंत. पण कान असा, की आतल्या खोलीत फोडणी तडतडत असतानाही बाहेर कोणी एक स्वर आखूड म्हटला तर तिला कळायचं.

तिच्या वर्गाची एक रीत होती. एक मुलगी पाठ केलेला सबक, म्हणजे धडा, मोठ्याने म्हणणार, बाकीच्यांनी ऐकायचं. ती चुकली तर हसायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, तोंडही उघडायचं नाही. सगळ्यांनी मिळून पढायच्या, जमातीच्या नमाजमध्ये इमाम चुकला तर पुरुष आवाज देऊन त्याला सावध करतात आणि बायका उजव्या हाताची बोटं डाव्या पालथ्या हातावर एकदा मारतात. अम्मीने तीच टाळी वर्गात आणली होती. टाळी ऐकू आली की म्हणणारीने थांबायचं. अम्मी फक्त म्हणायची, "मागे जा." मग त्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पुन्हा म्हणायचं. सहा वर्षांची पोरगी चौदा वर्षांच्या मुलीला टाळी देऊ शकायची आणि मोठीला ती ऐकावीच लागायची.

मला हे सगळं बिनकामाचं वाटायचं. मी तेव्हा कॉम्प्युटर शिकत होते, म्हणजे जगातली सगळी अक्कल माझ्याकडे होती. एकदा मी अम्मीला म्हटलं, "अर्थ न कळता पाठ करायचं, ही कॅसेट झाली, शिक्षण नव्हे."

ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कॅसेटला चूक कळत नाही."

पुढे आयटीची लाट आली आणि मीही तिच्याबरोबर हिंजवडीला जाऊन पडले. टेस्टर म्हणून नोकरी लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे काम. अम्मीने ते मोहल्ल्यात असं सांगितलं, की माझी मुलगी मोठमोठ्या इंजिनीअरांचा सबक ऐकते. मला तेव्हा लाज वाटली होती. आज वाटतं, माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या मॅनेजरलाही कधी जमलं नाही.

हिंजवडीच्या त्याच काचेच्या इमारतींमध्ये आमच्या गल्लीतल्या बायकाही जायला लागल्या, पण मागच्या दाराने. हाउसकीपिंगला. कंत्राटदाराचा टेम्पो यायचा, निळे कोट घालून बायका त्यात बसायच्या. त्यांच्या मुली रोज अम्मीकडे येत होत्याच. एक दिवस त्यांच्यातल्याच आमच्या शेजारच्या खालाने, म्हणजे मावशीने, विचारलं, "आपा, पोरींना शिकवता, आम्हाला कोण शिकवणार?" मग रविवारची दुपार बायकांची झाली. त्या यायच्या तेव्हा खोलीभर फिनेलचा वास यायचा. अम्मीने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी मात्र खिडकी उघडायची.

खालाने एक दिवस तिच्याच साइटवरची एक बाई आणली. वारजेला राहणारी, म्हणून आमच्यासाठी ती वारजेची; मूळची बीडकडची, विशी-बाविशीची, नवऱ्याने टाकलेली. घरात म्हातारा बाप, त्याची नजर गेलेली, आणि कमावणारी ही एकटी. अक्षरओळख शून्य. पण पाठांतर असं, की अम्मीने एकदा म्हटलेलं ती तिसऱ्या खेपेला जसंच्या तसं म्हणायची. अम्मी खूश. मी चहा नेऊन दिला तेव्हा ती मला बाजी म्हणाली, म्हणजे मोठी बहीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझं टेबल पुसत होती.

आमच्याच मजल्यावर होती ती. कदाचित महिनाभरापासून असेल, मी कधी वर बघितलंच नव्हतं. तिने मला ओळखलं, मी तिला ओळखलं. शेजारी माझी टीम बसलेली. मी स्क्रीनकडे बघत राहिले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, कीबोर्ड उचलता का?" आणि मी उचलला. एवढंच झालं. हे लिहितानाही माझे कान गरम होतात, पण झालं ते असं झालं. रविवारी बाजी आणि सोमवारी मॅडम, असे आम्ही कित्येक महिने काढले.

मग ती दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती सबक न म्हणता कोपऱ्यात बसून राहिली. बाकीच्या गेल्यावर खालाने अम्मीला सांगितलं. कंत्राटदाराचा सुपरवायझर तिच्या मागे लागला होता. आमच्या मजल्यावर फिनेल, मॉप, बादल्या ठेवायची बिनखिडकीची खोली होती. ही सामान घ्यायला आत गेली की तो दार अडवून उभा राहायचा. आधी नुसता उभा राहायचा. मग त्याने कमरेला हात लावला. ओरडलीस तर चोरीचा आळ घेऊन काढून टाकीन, म्हणाला. एकदा खालाने पाहिलं होतं, एकदा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या यवतमाळकडच्या एका ताईने.

ती बाई अम्मीला म्हणाली, "आपा, आमच्या वस्तीतली एक म्हातारी म्हणती, बाईनं बाहेर कामाला जावंच कशाला, मग असंच व्हनार. ह्यात माझा गुन्हा हाय का?"

अम्मीने कुराणातली एक गोष्ट सांगितली. दोन बहिणी होत्या, त्यांचा बाप म्हातारा होता, म्हणून त्याच शेळ्या-मेंढ्या पाण्यावर घेऊन जायच्या. विहिरीवर पुरुषांची गर्दी. या बाजूला उभ्या राहायच्या, सगळे गेल्याशिवाय त्यांना पाणी मिळायचं नाही. एक परका माणूस आला. त्याने एवढंच विचारलं, काय अडलंय? मग त्याने त्यांच्या जनावरांना पाणी पाजलं आणि सावलीत जाऊन बसला. तो माणूस पुढे अल्लाचा एक पैगंबर झाला. लहानपणी ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली होती आणि पन्नास वेळा जांभई दिली होती.

"या गोष्टीत त्या मुलींना कोणी विचारलं का, घराबाहेर का पडलात म्हणून?" अम्मीने विचारलं.

"नाय."

"अल्लाने विचारलं नाही, तर तुझ्या वस्तीतली म्हातारी कोण? बाप म्हातारा असेल तर मुलीने कामाला जायचं. वाट पुरुषांनी सोडायची." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या कंपनीत हे कुठे सांगायचं असतं?"

कुठे सांगायचं ते मला चांगलं माहीत होतं. बायकांच्या टॉयलेटमध्ये आरशाशेजारी पोस्टर होतं, तक्रार समितीचं, गुळगुळीत कागदावर, इंग्रजीत. वारजेची ते रोज दोनदा ओल्या फडक्याने पुसायची. त्यावर तिच्याच कामाचं काही लिहिलेलं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं.

तक्रार मी लिहिली, तिने अंगठा दिला. एचआरच्या मॅडम आधी म्हणाल्या की या बायका कंत्राटदाराच्या, आपल्या नाहीत. मी म्हटलं, "पोस्टर कोणाच्या भिंतीवर आहे?" पुण्यात वाढल्याचा असा अधूनमधून उपयोग होतो. समिती बसवायचं ठरलं. मला दुभाषी म्हणून बसवलं, कारण ती आणि तिच्या दोघी साक्षीदार, खाला आणि ताई, तिघीही मराठीत बोलणार आणि दोघा सदस्यांना मराठी येत नव्हतं. तक्रार मीच लिहिली हे मी सांगून टाकलं. तेव्हा अट पडली, की मी फक्त भाषांतर करायचं, स्वतःचा एक शब्द बोलायचा नाही. माझ्यासाठी ही अट काय होती ते मला ओळखणाऱ्यांनी समजून घ्यावं.

इकडे अम्मीने तयारीचा विडा उचलला. वारजेची, खाला आणि यवतमाळची ताई, तिघी रविवारी दुपारी आमच्या सतरंजीवर. ताई हिंदू, आधी दारातच अवघडून उभी होती. अम्मी तिला म्हणाली, "अहो, या ना, इथे आज आपण फक्त खरं बोलायचा सबक घेणार आहोत." लिहिलेली तक्रार मी वाचायची, आणि तिघींनी पाठ करायची. चुकलं की पालथ्या हातावर टाळी. मागे जा. पुन्हा. तीन रविवारांत तिघींना ती अशी पाठ झाली, की स्वल्पविरामालाही तिघी एकाच ठिकाणी श्वास घ्यायच्या. अम्मी धन्य झाली. मीही झाले, खोटं कशाला बोलू.

आणि तिथेच आमचं चुकलं. समितीसमोर वारजेची उभी राहिली, डोळे मिटले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सुरात म्हणून दाखवलं. मग खाला आत आली, तिने तेच म्हटलं. मग ताई आली, तिनेही तेच म्हटलं, शब्दाला शब्द. समितीत मराठी येणारे एक अधिकारी होते, पन्नाशीचे, सभ्य, सदाशिव पेठी थाटाचे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे सगळं पढवून आणलेलं आहे."

बाहेरच्या संस्थेतून आलेल्या बाईही अस्वस्थ झाल्या. त्या म्हणाल्या, तीन माणसं एकच गोष्ट बघतात तेव्हा ती तीन तऱ्हांनी सांगतात. मला हे सगळं इंग्रजीत करून सांगावं लागलं. माझ्या आईला खोटं ठरवणारी वाक्यं मी स्वच्छ, बिनचूक इंग्रजीत सांगितली. पुढची तारीख आठवड्यानंतरची पडली. सुपरवायझर रोज मजल्यावर होताच. त्याने वारजेचीला जाता जाता विचारलं, "काय, पाठ झालं का नीट?"

घरी येऊन मी अम्मीवर चिडले. कॅसेट शब्द पुन्हा वापरला. अम्मी ऐकत राहिली. रविवारी तिघी आल्या तेव्हा ती त्यांच्यासमोर सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "चूक माझी आहे. मला पाठ करायला शिकवता येतं, कारण अल्लाच्या शब्दात माणसाने स्वतःचा शब्द घालायचा नसतो. पण ही अल्लाची गोष्ट नाही, तुमची आहे. ती तुमच्याच शब्दांत असायला हवी होती. मला माफ करा." चाळीस वर्षं शिकवणाऱ्या बाईने शिकणाऱ्यांची माफी मागितलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग तिने एकेकीला आतल्या खोलीत नेलं, दुसरीला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मटार सोलायला दिले आणि म्हणाली, बघितलंस तेवढंच सांग. खाला म्हणाली, तिने आधी बादली पडल्याचा आवाज ऐकला, म्हणून ती वळली. ताई म्हणाली, "मी पाह्यलं, तो दारात हात टेकून उभा व्हता, अन् इच्या पायाशी फिनेलची बाटली फुटून पडली व्हती. मीच पुसलं न ते." बाटलीचं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. लिहिलेल्या तक्रारीत तिला जागाच नव्हती.

दुसऱ्या वेळी तिघी अशाच बोलल्या, अडखळत, मागेपुढे करत. वारजेची सगळ्यात शेवटी. पहिल्या वेळी तिने डोळे मिटले होते, या वेळी ते उघडे होते. एकदा थांबली, पाणी प्यायली, पुन्हा बोलायला लागली. बाहेरून आलेल्या बाईंनी फुटलेल्या बाटलीबद्दल दोनदा विचारलं आणि काहीतरी लिहून घेतलं. वारा फिरला हे मला कळत होतं.

मग वारजेचीला तिचा जबाब वाचून दाखवून अंगठा घ्यायचा होता. मराठी येणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो लिहिला होता, तेच वाचू लागले. अक्षर सुंदर असणार, कारण भाषा फारच सुंदर होती. "सदर इसम खोलीच्या दाराजवळ उभा होता," त्यांनी वाचलं.

मला कळलं. दाराजवळ उभं राहणं हा गुन्हा नाही, कोणीही उभं राहतं. एवढ्या एका शब्दाने सगळं वाहून जाणार होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, कागदावर भाषा जरा बरी दिसावी एवढंच त्यांना वाटत असणार. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, माझा एकही शब्द चालणार नव्हता.

तेवढ्यात आवाज आला. छोटासा, कोरडा, बोटं पालथ्या हातावर पडल्याचा.

अधिकाऱ्यांनी वर बघितलं. वारजेची सरळ त्यांच्याकडे बघत होती. "साहेब, चुकलं. मागं जा."

"काय?"

"दाराजवळ न्हाई. दार अडवून. म्या तसं सांगितलं."

बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या, "तसं करा, दुरुस्त करा." त्यांनी खोडलं, लिहिलं आणि पुढे वाचायला लागले. "आणि त्याने माझ्याशी अनुचित वर्तन केले."

पुन्हा टाळी.

या वेळी अधिकाऱ्यांनी पेन हातातच धरून ठेवलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज हलला नाही. "माझ्या कमरेला हात लावला. दोनदा. ते लिवा." त्यांनी लिहिलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं, पहिल्यापासून. अक्षर न ओळखणारी ती बाई, अंगठा दाबण्याआधी तिने पदवीधर साहेबांकडून आपला जबाब बिनचूक करून घेतला. मी तेव्हा पाच वर्षं चुका शोधण्याचा पगार घेत होते, आणि त्या दिवसाइतका नीट सबक कोणाला ऐकताना मी ऑफिसात बघितला नव्हता.

सुपरवायझरला साइटवरून काढलं, आणि कंत्राटदाराने त्याला दुसरीकडे पाठवू नये हेही कागदावर आलं. तिची नोकरी राहिली. सामानाच्या खोलीचं दार काढून काचेचं बसवलं. पोस्टर मराठीत आणि हिंदीत आलं, त्यातलं मराठी मी लिहिलं आणि ते वाचून दाखवायचं कामही माझ्याकडे घेतलं. पुढच्या सोमवारी ती टेबल पुसायला आली तेव्हा माझी सगळी टीम बसलेली होती. मी उठून उभी राहिले आणि तिला सलाम केला, मोठ्याने. एकाने विचारलं, ओळखीच्या आहेत का? मी म्हटलं, "माझ्या आईची विद्यार्थिनी आहे. हुशार." ती म्हणाली, "बाजी, कीबोर्ड उचला." सगळ्यांसमोर.

याला आता बरीच वर्षं झाली. तिच्या बापाला जाऊन झाली काही, ती स्वतः आता सुपरवायझर आहे. अम्मी थकली आहे. अजून रविवारचा वर्ग भरतो, पण आता बायकांना शिकवते ती वारजेची, अम्मी भिंतीला टेकून नुसती ऐकते. मागच्या रविवारी बायकांनी आग्रह केला म्हणून अम्मीने स्वतः म्हणायला घेतलं, लहानपणापासून पाठ असलेलं. तिचा आवाज बारीक झालाय, पण लागला चांगला. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं, अजूनही कशी सुरेख म्हणते.

वारजेचीचा हात वर गेला आणि क्षणभर तसाच थांबला. तिचे डोळे भरले होते. मग तिने बोटं पालथ्या हातावर मारली, एकदाच, हळू.

मला चूक कळलीच नव्हती. अम्मी थांबली. तिने वारजेचीकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला, जसा माझ्या पहिल्या पगाराच्या दिवशीही उजळला नव्हता. "हां," ती म्हणाली, आणि मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली.